‘कुठं राहता?’ विचारल्यावर घसा खाकरणाऱ्यांसाठी

काल एका कचेरीत फॉर्म भरताना समोरच्या बाईंनी विचारलं, “मूळ गाव?” मी म्हटलं, “मोहोळ.” बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मधमाश्यांचं?”

तीस वर्षं हा विनोद ऐकतोय. सोलापूरहून पुण्याकडे निघालं की वाटेत आमचं स्टेशन लागतं. वर्गात, होस्टेलवर, लग्नाच्या बैठकीत, जो तो समजतो की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय. हल्ली मीच आधी सांगून टाकतो, “मोहोळच. हात घातल्याशिवाय चावत नाही.”

तर मंडळी, अशा नावांचे तुमचे अनुभव येऊ द्या. गाव, गल्ली, चौक, देऊळ, घाट, काहीही चालेल. अट एकच, स्वतःवर बेतलेलं हवं. रेल्वे स्टेशनांच्या चित्रविचित्र पाट्यांची ती फिरून फिरून गुळगुळीत झालेली यादी कृपया इथे डकवू नये.

– मोहोळकर

कळवेकर

तुमचं बरंय हो, तुमचं गाव निदान नाम आहे. आमचं क्रियापद आहे.

“सर, पार्सल पाठवायचंय, पत्ता कळवा.”
“कळवा.”
“हो, तुमचाच. कळवा.”
“अहो, कळवाच.”
“सर, मी कशाला कळवू? तुम्ही कळवा ना!”

बाबा आता थेट ‘ठाण्याच्या पुढचं स्टेशन’ असंच सांगतात. पण खरा घोळ झाला ताईच्या लग्नात. पत्रिकेत तळाला दोन ओळी होत्या. एक, ‘येण्याची वेळ आधी कळवा.’ दुसरी, कार्यालयाचं नाव, स्टेशनजवळ, कळवा. छापखानेवाल्याला वाटलं, शब्द चुकून दोनदा पडलाय, म्हणून त्यानं एक उडवला. उडवला तो नेमका गावाचा. त्याच नावाचं एक कार्यालय ठाण्यातही होतं. मावशीकडची अकरा माणसं तिकडे जाऊन बसली. तिथेही लग्न होतं, तिथेही कुणी ओळखीचं दिसेना, पण मुलाकडचे असतील म्हणून त्यांनी सरबत घेतलं, अक्षता टाकल्या आणि नवरीला जवळून पाहिल्यावर मावशी किंचाळली. आहेराचं पाकीट तोवर देऊन झालं होतं. ते परत कसं मागायचं यावर अजून घरात दोन तट आहेत.

दिव्याखालचा

आम्ही दिव्याचे. लाइट गेली की सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतंच. बाकी सगळं गर्दीबद्दल आहे, तो विषय वेगळा.

मूलनिवासी

आता माझं ऐका. मी मूलचा. चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचा अख्खा तालुका आहे, थट्टा नाही.

लग्नानंतर पुण्यात बिऱ्हाड केलं. पहिली दिवाळी करून परत आलो तर शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, “काय गं, दिवाळीत दिसला नाहीत?” ही म्हणाली, “आधी मूल, मग नागपूर.” काकू ओरडल्याच, “अय्या, अगं बोलली नाहीस!” संध्याकाळी डिंकाचे लाडू आले. चांगले होते, खाल्ले.

ऑफिसातही तेच. रजेच्या अर्जात ‘मूलला जायचे असल्याने’ असं लिहिलं की साहेब लाल पेनानं ‘मुलाला’ करणार आणि पुढे ‘वाक्य अपूर्ण’ असा शेरा मारणार. बरं, ‘नागपूरला’ म्हणतात तसंच ‘मूलला’, हे त्यांना कोण समजावणार? एकदा ऑनलाइन काही मागवत होतो. इंग्रजीत गावाची तीनच अक्षरं होतात, आणि फॉर्म काही चारच्या खाली ऐकेना. शेवटी ‘मूल मूल’ टाकलं. पार्सल आलं बाप्पा! आणणारा पोऱ्या म्हणे, “जुळं दिसते भाऊ.”

पेठेतला माजी भाडेकरू

पुण्यात शिकायला आलो तेव्हा पहिली खोली सदाशिव पेठेत मिळाली. गावी आजीला फोन केला. “आजी, खोली मिळाली, खुन्या मुरलीधरापाशी.” तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, “दुसरी बघ.”

दुसऱ्या वर्षी मालकाशी वाजलं म्हणून खोली बदलली. “आता कुठं रे?” “उपाशी विठोबाजवळ.” “जेवतोस ना पण वेळेवर?” त्या आठवड्यात एसटीनं तिळाच्या चटणीचा डबा आला.

तिसऱ्या वर्षी भिकारदास मारुतीजवळ गेलो. आजीनं फोन वडलांच्या हातात दिला, “पोराला घरी घेऊन ये.”

तिन्ही जागा एकाच पेठेतल्या, पायी फिरून येता येईल इतक्या जवळ. आजीच्या डोक्यात मात्र मी तीन वर्षांत खुन्याच्या शेजारातून उपाशी राहत भिकेला लागलो होतो. आता यातली गंमत अशी की भिकारदास हा भिकारी नव्हताच, देऊळ बांधणारा सावकार होता. पोर जगावं, त्याला नजर लागू नये म्हणून आईबापांनी मुद्दाम हलकं नाव ठेवायचं, ही जुनी रीत. हे आजीला समजावलं तेव्हा ती गप्प झाली. तिच्या सख्ख्या भावाचं नाव धोंडू.

विठोबाची कथा अशी सांगतात, की तिथला एक भक्त जन्मभर उपासाचंच खायचा. देव उपाशी नाही, भक्त उपाशी. नाव देवाला चिकटलं. आणि पासोड्या विठोबा म्हणजे जवळच पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून. जिलब्या मारुतीचं सांगायला नकोच. गुपचूप गणपतीबद्दल मात्र मी काही बोलत नाही.

दोनच मिनिटं

वरच्यांना पुरवणी. ‘खुन्या’ हे नाव १८९९ मध्ये चाफेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्यावरून पडलं, असं पुण्यात लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. १७९७ मध्ये, म्हणजे उत्तर पेशवाईत, मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी देवळाशी चकमक होऊन रक्त सांडलं, तेव्हापासूनचं ते. माझा अनुभव म्हणाल तर गेली वीस वर्षं हे लोकांना सांगतोय, हाच.

आळंदीची सून

मध्यस्थानं माझ्या वडलांना सांगितलं, “स्थळ आळंदीचं आहे.” अण्णा वारकरी. त्यांनी मुलगा काय करतो हेसुद्धा धड विचारलं नाही. माउलींच्या गावात पोरगी जातेय, आणखी काय हवं?

घर बघायला जीप करून नऊ जण निघाले. इंद्रायणीत पाय धुतले, समाधीचं दर्शन घेतलं, आणि मग गावात चौकशी सुरू केली. ते आडनाव कुणालाच ठाऊक नाही. एका पानवाल्यानं शेवटी विचारलं, “पाव्हणं, आळंदी देवाची का चोराची?” अण्णांचा चेहरा अजून आठवतो, असं काका सांगतात. चोराची आळंदी पुण्याच्या पार दुसऱ्या अंगाला, लोणी काळभोरच्या बाजूला. कागदोपत्री आळंदी म्हातोबाची, पण बोलताना जुनं नाव तोंडात येतंच.

पोचायला दुपारचे तीन वाजले. पोहे गार झालेले. अण्णा घुश्शातच ओट्यावर बसले, तर मामंजी म्हणाले, “चोराची म्हणतात खरं, पण आमच्या दाराला कडी आहे, कुलूप नाही. बघून घ्या.” अण्णा उठून खरंच बघून आले. मग पोहे खाल्ले.

आता मी कुणाला आळंदी सांगितलं की समोरचा हात जोडतो. मी पण जोडते. उगाच कशाला.

रंकाळ्यावरचा

कोल्हापुरात पापाची तिकटी हाय. तिकटी म्हंजे तीन रस्ते भेटत्यात ती जागा. आमचं दुकान तिथनं चार पावलांवर. एक मुंबईचा पाव्हणा आलावता, लई शाणा. पाटी वाचून मला म्हंतोय, “पापाची इथे आहे, मग पुण्याची कुठे?” मी म्हटलं, “पुण्याचं तिकीट व्हय? स्टँडावर.”

काकडीहून

१ ऑक्टोबर २०१७ पासून लोक विमानानं शिर्डीला येतात. उतरतात मात्र आमच्या काकडीत. आधी पावणेरावळे म्हणायचे, काकडी गाव असतं होय? आता त्यांनाच न्यायला जावं लागतं.

येडगाव (ता. जुन्नर)

धरण आहे आमच्याकडे. एवढं सांगून मी थांबतो, पुढचं लोक स्वतःच बोलतात.

भंडारदऱ्याजवळची

लिहू की नको असं करत होते. माझं गाव मुतखेल, अकोले तालुका. भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून रतनवाडीला जाताना लागतं.

गावच्या शाळेत होते तोवर या नावात हसण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. नाव म्हणजे नाव. मग शिकायला बाहेर गेले. पहिल्या दिवशी सरांनी हजेरीपटावरून नाव, गाव मोठ्यानं वाचलं. आधी मागच्या बाकावरून खुसखुस आली, मग सगळा वर्ग. मला वाटलं माझ्या फ्रॉकला काही लागलंय. मी मागे वळून फ्रॉक बघितला, तेव्हा आणखी हसले. कारण कळायला मधली सुट्टी उजाडली. तेव्हापासून मी ‘भंडारदऱ्याजवळची’. वरचं नावही त्यातूनच.

आता पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्याच्या गाड्या येतात. पाटीपाशी थांबतात, पाटीकडे बोट दाखवून फोटो काढतात, नको ते आविर्भाव करतात. एकदा आम्ही बांधावर बसलो होतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ती काय हसतात गं एवढी?” मी म्हटलं, “त्यांना काजवे दिसले.” दुपारचे बारा वाजले होते. दादा काही बोलले नाहीत.

मोहोळकर

भंडारदऱ्याजवळच्या ताई, मी वर गमतीनं सुरुवात केली खरी, पण तुमचं वाचून पहिल्यांदा हसायला आलं नाही. लिहिलंत हे बरं केलंत.

पत्ता बदललेला

ताईंचं वाचून लिहितोय. आमच्या वस्तीचं नाव आमच्या जातीचं होतं. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला अंदाज येईल. त्यात विनोद नव्हता, पण पत्ता सांगितला की समोरच्याचा पुढचा प्रश्न गळून पडायचा. आडनाव विचारायची गरजच उरायची नाही. पोस्टमन पाकिटावरचं नाव गल्लीच्या तोंडाशी मोठ्यानं वाचायचा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं अशी जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. आमच्याकडे नवी निळी पाटी लागली. आई वाचायला शिकलेली नाही. तिनं मला पाटीवरचं तीनदा वाचायला लावलं. रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. आई रिक्षात बसून राहते, नवं नाव त्याच्या तोंडून येईपर्यंत उतरत नाही. आणि पैसेही देत नाही.

घाटवाट्या

आईंना नमस्कार. माझं छोटंसं. महाबळेश्वराकडचा रडतोंडीचा घाट आम्ही हौसेनं उतरलो. निघताना नावावर भरपूर कोट्या केल्या. उतरताना कुणी केल्या नाहीत.

मूलनिवासी

मोहोळकर, पुढच्या महिन्यात पंढरपूरला येतोय, बायको नि दोन्ही पोरं घेऊन. वाटेत तुमच्याकडे एक रात्र टेकू म्हणतो. चालेल का?

मोहोळकर

चालेल काय, यायचंच. मधाची बाटली काढून ठेवतो. फक्त तारीख तेवढी कळवा.

कळवेकर

हाक मारलीत?