आईच्या गोळ्यांची विस्कटलेली घडी

सस्नेह नमस्कार, मंडळी,

माझी आई, वय ७६, तीन आठवड्यांपूर्वी साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिन्यांसाठी आली आहे. तिला रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉईड या तिन्हींच्या गोळ्या चालू आहेत. साताऱ्यात ती एकटी राहते आणि तिथे तिची गोळी कधी चुकल्याचे मला आठवत नाही. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात रात्रीची गोळी दोनदा राहिली आणि एकदा, घेतली की नाही हे न आठवल्यामुळे, रक्तदाबाची गोळी तिने पुन्हा घेतली. फोनवर गजर लावून दिला, तर ‘हातातले आटोपून घेते’ म्हणून ती तो बंद करते आणि मग गोळी राहून जाते. शेवटी मी सगळ्या पट्ट्या माझ्या कपाटात ठेवल्या आणि वेळच्या वेळी तिच्या हातावर गोळी ठेवू लागले. त्या दिवसापासून ती माझ्याशी मोजकेच बोलते. ज्यांच्या घरी हा प्रश्न सुटला असेल, त्यांनी कृपया कळवावे.

आपली नम्र,
एडिसनहून एक सभासद

*

ताई, नमस्कार.

मी अनेक वर्षे फार्मसीत काम केले आहे आणि माझ्या सासूबाई शेवटची नऊ वर्षे आमच्याजवळ होत्या, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की साताऱ्यात आईंची गोळी चुकत नव्हती. तिथे ती गोळी घड्याळावर चालत नव्हती. सकाळी दूध तापत ठेवणे, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावणे, रात्री दाराला कडी घालणे, अशा हाताला सवय झालेल्या कामांच्या आधाराने ती घेतली जात होती. इथे ती कामेच उरली नाहीत आणि त्यात दिवस उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांनी सरकला. म्हणून गजर वाढवण्यापेक्षा त्यांना त्यांची एक-दोन कामे परत द्या. सकाळचा चहा त्यांनीच करावा, दिवा त्यांनीच लावावा, आणि त्या त्या वेळची गोळी तिथेच, डोळ्यांसमोर असावी. मात्र गोंधळ वाढत आहे किंवा नेहमीच्या गोष्टीही आठवत नाहीत असे दिसले, तर तो प्रवासाचा शीण न मानता डॉक्टरांना दाखवा.

सात दिवसांचे कप्पे असलेली डबी कुठल्याही फार्मसीत मिळते; ती आणाच, पण भरू द्या त्यांना. आम्ही दर रविवारी संध्याकाळी स्टीलचे ताट घेऊन बसत असू, आणि सासूबाई तांदूळ निवडावेत तशा गोळ्या निवडून कप्प्यात टाकत. मी फक्त शेजारी बसून कागदाशी ताडून पाहत असे. गोळी घेतली की नाही, या प्रश्नाचे उत्तर मग रिकामा कप्पाच देतो. काही गोळ्यांना दमट हवा सोसत नाही. त्या वेष्टनातून न काढता पट्टीचा तेवढा तुकडा कापून ठेवावा आणि नाव व मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत जपावा. कुठल्या गोळ्या अशा आहेत, हे फार्मसिस्टला विचारून घ्या. राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी दोन एकदम मात्र कधीही घेऊ नयेत.

वेळांविषयी दोन गोष्टी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते; चहा-दूध त्यानंतर, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांच्या अंतराने. दुसरी गोष्ट उपवासाची. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. चतुर्थीला आई चंद्रोदयापर्यंत काही खात नसतील, तर उपवास सोडा असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

सर्वांत जास्त घोटाळा नावांचा होतो. आपल्याकडे एकच औषध कितीतरी कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, आणि दोन डॉक्टरांनी दोन नावे लिहिली की घरात तेच औषध दुप्पट जाते. कागदावर कंपनीचे नाव न लिहिता बारीक अक्षरातले मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहा, आणि पुढे आईंना परिचित असलेले १-०-१ मराठीत मांडा. आपले पॅरासिटामॉल इथे ॲसिटॅमिनोफेन या नावाने मिळते आणि सर्दीच्या अनेक औषधांतही ते असते, हे ध्यानात असू द्या. झोपेसाठी सहज मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा डायफेनहायड्रामाइन असते. ते वयस्कर माणसांनी टाळावे असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या आरोग्याविषयीची संस्था सांगते, कारण त्याने गोंधळ उडतो आणि तोल जातो.

इथल्या बाटल्यांची झाकणे दुखऱ्या बोटांना उघडत नाहीत. सोपे झाकण मागितले तर मिळते. घरात नातवंडे असतील, तर तीच बाटली उंचावर ठेवा आणि विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक फ्रिजवर लावा.

आणि ताई, पट्ट्या कपाटातून काढून आजच आईंच्या हवाली करा. जिने इतकी वर्षे स्वतःचे औषधपाणी स्वतः पाहिले, तिच्या हातून ते काढून घेतले तर ती दुखावणारच.

आपली,
एक सभासद

*

आदरणीय ताई,

आपले पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. रविवारी आम्ही ताट घेऊन बसलो. भिंग लावून नावे वाचता वाचता तिनेच दोन पट्ट्या बाजूला काढल्या. दोन्हींवर टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध होते, एक साताऱ्याच्या डॉक्टरांची आणि दुसरी निघण्यापूर्वी मुंबईत दाखवले तेव्हाची. दोन्ही ती रोज घेत होती, आणि सकाळी उठताना येणारी चक्कर मी प्रवासावर ढकलत होते. साताऱ्यात तेव्हा सकाळ झाली होती. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी एक पट्टी बंद करून आठवडाभर रोज रक्तदाब मोजायला सांगितले आहे. ते आकडे आई स्वतःच्या वहीत लिहिते, आणि आज सकाळी चहाचे आधण ठेवण्याच्या कितीतरी आधी तिने मला रिकामा कप्पा उघडून दाखवला.

आपली ऋणी,
एडिसनहून