विषय : जुनी हायब्रिड सायकल घेतली आहे, ओळखायला मदत हवी

प्रेषक : मृ., आर्लिंग्टन
3 सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

मी जुलैपासून मंडळाची सभासद आहे. गणपतीच्या बैठकीत तुमच्यापैकी काही जणांची भेट झाली आहे.

परवा, 1 सप्टेंबरला, मैत्रिणीचं सामान हलवायला बॉस्टनमधल्या ऑलस्टनला गेले होते. तिकडे बरेचसे भाडेकरार त्याच दिवशी संपतात आणि सुरू होतात. फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे यांचे ढीग लागलेले असतात. इथले लोक त्याला ऑलस्टन ख्रिसमस म्हणतात. खालच्या मजल्यावरचा मुलगा सायकल विकत होता. 40 डॉलर दिले आणि घेऊन आले.

सायकल काळी आहे. रंग कोणीतरी घरीच ब्रशने दिलाय, त्यामुळे कंपनीचं नाव कुठेच दिसत नाही. सरळ हँडल, पुढे तीन गिअर, मागे सात. जोरात पायडल मारलं की चेन घसरते. पुढचा ब्रेक किंचाळतो आणि मागच्या चाकाला आउट आहे, म्हणजे फिरताना ते डुलतं. एका दुकानात दाखवली तर 280 डॉलर खर्च सांगितला, कशाचा किती ते मात्र सांगितलं नाही.

मला रोज आर्लिंग्टन हाइट्सपासून एलवाइफ स्टेशनपर्यंत मिनिटमन ट्रेलने, म्हणजे सायकलींच्या वाटेने, जायचंय. साताऱ्यात शाळेला लेडीबर्डवर जायचे, पण गिअरची सायकल कधी वापरलेली नाही. ही कुठली सायकल असेल? आणि हिच्यावर पैसे घालावेत का?

मृ.

---

प्रेषक : स., वॉल्टहॅम
3 सप्टेंबर

सर्वात आधी सायकल उलटी करून पायडलच्या दांड्याखाली, म्हणजे फ्रेमच्या तळाला, कोरलेला नंबर बघा. तो बाइक इंडेक्सच्या साइटवर टाका. चोरीची नोंद केलेली सायकल असेल तर तिथे कळेल. माझी स्वतःची एक सायकल चोरीला गेली आहे, म्हणून आवर्जून लिहिते. हे झाल्याशिवाय हिच्यावर एक डॉलरही खर्च करू नका.

स.

---

प्रेषक : प., क्विन्सी
4 सप्टेंबर

मृ., पुढे सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के झेलणारा, फोर्क टाक आणि ब्रेक काढून व्ही-ब्रेक बसव. ऑनलाइन दोन्ही स्वस्तात मिळतात. सायकल नव्यासारखी होईल.

---

प्रेषक : अ., लेक्सिंग्टन
4 सप्टेंबर

मृ.,

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करतो.

280 डॉलर देऊ नकोस आणि फोर्कही मागवू नकोस. आधी ही सायकल कोण आहे ते कळू दे. स्टिकर कोणीही खरवडतं, रंग कोणीही फासतं. आपण मापं आणि सुटे भाग बघायचे.

फ्रिजवरचा लोहचुंबक घे. फ्रेमला चिकटला तर फ्रेम स्टीलची, नाही तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही चालतील. रिमला मात्र चिकटता कामा नये. क्रोम केलेली स्टीलची रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं घसरत राहतं. तशी रिम निघाली तर मला लगेच कळव, मग बोलणंच वेगळं. ब्रेकचं रबर जिथे घासतं तिथे रिमवर बोटही फिरव. तिथे खोलगट खळगा लागला तर रिम झिजून पातळ झाली आहे, ती बदलावीच लागेल.

मग टायरच्या कडेवरचे आकडे वाच. 700 लिहिलेलं असेल, शेजारी 38-622 किंवा 35-622 असं काहीतरी असेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ज्यांना बाबांची काळी ॲटलस आठवते त्यांच्यासाठी सांगतो : तिचा टायर 28 × 1½, तो 635. हायब्रिडचा 622. गंमत अशी की 622 च्या टायरवरही पुष्कळदा 28 लिहिलेलं असतं. तेरा मिलिमीटरचा फरक, पण एक टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. तेव्हा इंच विसर, 622 लक्षात ठेव.

आता वय. ब्रेक बघ. चाकाच्या दोन बाजूंनी उंच, सरळ दांडे वर येऊन तार वरून आडवी जात असेल तर तो व्ही-ब्रेक. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने ते 1996 च्या सुमारास आणले. त्याऐवजी दोन आखूड हात बाहेर फाकलेले असतील आणि एक छोटी तार दोघांना जोडून मधोमध वर ओढली जात असेल तर तो कँटिलिव्हर. तसं असेल तर सायकल बहुधा त्याआधीची.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, फडक्याने पूस. चाकाकडच्या बाजूला, आतून, दोन इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. शिमानोचा भाग असेल तर पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे 1976, बी 1977, असं करत झेड म्हणजे 2001. 2002 पासून पुन्हा ए. महिने ए ते एल. म्हणजे एकाच अक्षराची दोन वर्षं निघतात, 26 वर्षांच्या अंतराने. त्यातलं खरं कुठलं ते ब्रेकवरून आणि गिअरच्या संख्येवरून ठरवायचं. ही तारीख त्या भागाची असते, सायकलीची नव्हे, कारण भाग नंतर बदललेला असू शकतो. दोन-तीन भागांवर जवळजवळची तारीख मिळाली की खात्रीने बोलता येतं.

चेन घसरण्याचं कारण फूटपट्टीने कळेल. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेव आणि चेन ताणून मोज. नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर पिन अगदी नेमकी येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर मागच्या चक्र्याही गेल्या. झिजलेल्या चक्र्यांवर नवी चेन टाकली की ती अजूनच घसरते, आणि माणूस म्हणतो, नवी चेनच खराब आहे.

चेन, छर्रे, आउट काढणं मी पुण्यात दहावीच्या सुट्टीत एका सायकलच्या दुकानात शिकलो. पण ही मापांची विद्या मला इथे मिळाली. वेस्ट न्यूटनला हॅरिस सायकलरी नावाचं दुकान होतं. तिथे शेल्डन ब्राऊन काम करायचे. जगभरच्या जुन्या सायकलींचं ज्ञान त्यांनी आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी फुकट मांडून ठेवलं. 2008 साली ते गेले. दुकानही आता नाही. ती पानं आहेत, आणि टायरच्या मापाबद्दल शंका आली की मी अजून तीच उघडतो. आपल्या मंडळात लहान मुलांच्या सायकली दर दोन वर्षांनी टाकून दिल्या जातात. त्या आईबापांनी ती पानं एकदा वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे.

सीटचा दांडा वर-खाली होतो का तेही बघ. मोजून सगळं लिही.

अ. काका

---

प्रेषक : मृ., आर्लिंग्टन
6 सप्टेंबर

काका, खूप खूप आभार. सगळं मोजलं.

नंबर बाइक इंडेक्सवर टाकला, चोरीची नोंद नाही. (स. ताई, थँक्यू. ते बघितल्यावर रात्री शांत झोप लागली.)

चुंबक फ्रेमला चिकटतो, रिमला नाही. रिमवर खळगा लागत नाही. टायर 38-622, कडेला इतक्या भेगा आहेत की आतले धागे दिसतात. ब्रेक कँटिलिव्हर. डिरेलरवर शिमानो अल्टस लिहिलंय आणि मागे क्यू, के ही अक्षरं आहेत. पुढच्या ब्रेकच्या हातावर क्यू, जे. चेन एक अष्टमांश इंचापेक्षाही थोडी जास्तच पुढे गेली आहे. मागच्या चाकाच्या दोन आऱ्या बोटाने हलतात. सीटचा दांडा ढिम्म हलत नाही.

आणि एक गोष्ट सापडली. काल रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च वरच्या दांड्याला अगदी चिकटवून आडवा धरला. ब्रशच्या रंगाखाली जुन्या स्टिकरची कडा उचललेली दिसते, पोटावरच्या टाक्याच्या व्रणासारखी. एकेक अक्षर बोटाने चाचपत वाचलं : मल्टीट्रॅक. त्याच्या पुढे आकडा आहे, पण तिथला रंग खरवडला गेलाय. पहिला 7 आहे, एवढंच कळतं.

---

प्रेषक : अ., लेक्सिंग्टन
6 सप्टेंबर

शाब्बास! टॉर्चची युक्ती मला सुचली नसती.

मल्टीट्रॅक म्हणजे ट्रेक. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरलू गावची कंपनी, 1976 साली सुरू झालेली. माउंटन बाइकचं सरळ हँडल आणि चढाला हलके गिअर, पण चाकं 622 ची : नव्वदीच्या सुरुवातीला हायब्रिड म्हणून जो प्रकार रुजला, त्यातली त्यांची मालिका ही. 700, 720, 730, 750 असे आकडे असायचे. तुझी त्यातली कुठली ते आकडा दिसल्याशिवाय सांगणार नाही. क्यू-जे आणि क्यू-के म्हणजे 1992 चा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. 2018 होऊ शकत नाही, कारण कँटिलिव्हर आणि मागे सात. दोन भाग एकाच हंगामातले आहेत, म्हणजे सायकल बहुधा 1993 सालची म्हणून विकली गेली. तुझ्याहून वयाने मोठी असेल!

हिच्यावर पैसे घालावेत का? हो, घालावेत. स्टीलची चांगली फ्रेम आहे, रिमा शाबूत आहेत. पण योग्य ठिकाणी घालावेत.

प., तुझ्या सूचनेमागची आपुलकी कळते, पण दोन्ही गोष्टी या सायकलीला मारक आहेत. सस्पेन्शनचा फोर्क उंच असतो. पुढची बाजू उचलली जाते, सायकल वळताना जड आणि वेडीवाकडी वागते, वजन वाढतं ते वेगळंच. मिनिटमन ट्रेल डांबरी आहे, तिथे रुंद टायरमधली हवाच पुरते. आणि व्ही-ब्रेकला कँटिलिव्हरच्या जवळपास दुप्पट तार ओढावी लागते. जुन्या लिव्हरवर व्ही-ब्रेक बसवले तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही नीट ब्रेक लागत नाही. म्हणजे लिव्हरही बदला. ते गिअरच्या खटक्याशी जोडलेले असतील तर तेही बदला. कँटिलिव्हर नीट लावले तर उत्तम थांबवतात. तुझा ब्रेक किंचाळतो कारण रबर दगडासारखं झालंय आणि रिमला सपाट लागतंय. नवं रबर लावताना त्याची पुढची कड, चाक ज्या दिशेने फिरतं तिकडची, रिमला केसभर आधी टेकेल असं आवळायचं. आवाज जातो.

एक धोका मात्र सगळ्यांनी ऐका. कँटिलिव्हरची मुख्य तार तुटली तर ती मधली छोटी तार खाली पडून टायरवर टेकते. पुढच्या चाकाच्या नक्षीत अडकली तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पुढे रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्ड असावंच, ते त्या तारेला अडवतं. तुझ्या सायकलला ती पट्टी नसेल तर आधी ती लाव, बाकीचं नंतर.

यादी : 35-622 चे दोन टायर आणि ट्यूबा, सात चक्र्यांचा संच, चेन, चार रबरं, स्टेनलेस तारा. 130 डॉलरच्या आसपास होईल. चक्र्या कुठल्या पद्धतीने बसवल्यात ते बघून मगच संच घ्यायचा, दोन प्रकार असतात. हत्यारं माझ्याकडे आहेत. शनिवारी सायकल घेऊन गॅरेजमध्ये ये, त्या दोन आऱ्या आवळून आउटही काढू. पायडल स्वतः काढायला गेलीस तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नकोस. सीटच्या दांड्याला जबरदस्ती नको. स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं राहिला की क्षाराने धरतो. फटीत भेदक तेल (गंजलेले भाग सुटे करणारं) सोडत राहा, सकाळ-संध्याकाळ.

अ. काका

---

प्रेषक : वि., नेटिक
7 सप्टेंबर

मृ., काकांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी गुडघ्यांचं सांगते. ती अडकलेली सीट नक्की खाली असणार. ट्रेलवर कितीतरी जणी सीट इतकी खाली ठेवून चालवतात की गुडघा कधी सरळच होत नाही, आणि मग म्हणतात सायकल झेपत नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव. पायडल सर्वात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग प्रत्यक्ष चालवताना चवडा ठेवलास की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो.

दिवे आत्ताच घे. डिसेंबरात इथे सव्वाचारलाच सूर्य मावळतो. पुढे पांढरा, मागे लाल. आणि बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने स्टील खाल्लं जातं. घरी आलीस की चेन आणि तळ ओल्या फडक्याने पुसून तेलाचे दोन थेंब.

वि.

---

प्रेषक : मृ., आर्लिंग्टन
8 ऑक्टोबर

मंडळी, उशिरा कळवतेय.

दोन शनिवार काकांच्या गॅरेजमध्ये गेले. काकू थालीपीठं करून आणायच्या, आम्ही काळ्या हातांनीच खायचो. आउट मी स्वतः काढला. काका शेजारी बसून फक्त "पाव फेरा, त्याहून जास्त नाही" एवढंच म्हणत होते. चाक फिरवताना रबर आणि रिममधली फट एकसारखी दिसायला लागली, तेव्हा मी ते पाच मिनिटं नुसतं फिरवतच बसले होते.

सीटच्या दांड्याने नऊ दिवस घेतले. दहाव्या दिवशी सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून पिळली, कर्र आवाज झाला आणि तो सुटला. सायकल उलटी केली तर नळीतून चहाच्या रंगाचं वाटीभर पाणी बाहेर आलं. काकांनी नळी पुसून ग्रीस लावायला लावलं. सीट आता चार सेंटिमीटर वर आहे. वि. ताई, गुडघे दुखायचे थांबले.

तीन आठवडे रोज एलवाइफला जातेय. चेन एकदाही घसरलेली नाही, ब्रेक गप्प आहे. पुढे रिफ्लेक्टरची पट्टी लावली आहे. रंग तसाच ठेवलाय. आकडा मात्र अजून वाचता आलेला नाही.

कोजागिरीला मी सायकलनेच येणार आहे, दिवे लावून. हॉलच्या मागच्या दाराशी कुलूप अडकवता येईल असा एखादा लोखंडी खांब आहे का, कोणी सांगेल का?

मृ.