शिरगणती फेब्रुवारीत, गाव भरतं शिमग्याला. मग गावची लोकसंख्या कोणती?

कातळावरचा
राजापूर तालुक्यात आमची वाडी आहे, 22 घरांची. त्यातल्या 13 घरांना कुलूप. पडकी नाहीत हो ही घरं. पत्रे बदललेत, मीटर चालू आहेत, घरपट्टी दरवर्षी वेळेवर जाते. गणपतीत आणि शिमग्यात याच वाडीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

2011 ची शिरगणती झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. त्या वर्षी होळी होती 19 मार्चला. तीन आठवडे कळ काढली असती तर पालखीपुढे अख्खं गाव उभं मिळालं असतं. झालं काय? रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, तो 2011 ला 16,15,069 वर आला. सिंधुदुर्गही घटला. आणि याच आकड्यावर ग्रामपंचायतीचे सदस्य, निधी, दवाखाना, सगळं ठरतं. आता 2027 ची गणनाही फेब्रुवारीतच, संदर्भ 1 मार्चचा. माझं म्हणणं साधं आहे: ज्याचं घर गावात, तो गावात मोजा.

दोन_अधिक_दोन
साफ असहमत. शिरगणती म्हणजे मानपानाची यादी नव्हे. तुमचे 13 घरांचे चाकरमानी वर्षाचे साडेअकरा महिने नालासोपाऱ्याचं पाणी पितात, विरार लोकलला लटकतात. त्यांना राजापुरात मोजलं तर नालासोपाऱ्याच्या पाण्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

आणि घटला तो एकटा कोकण नाही. मुंबई शहर जिल्हाही त्याच दहा वर्षांत 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आला. गिरगाव-परळच्या चाळी सोडून माणसं ठाणे-विरारकडे सरकली. उद्या ती म्हणाली, ‘आमची खोली अजून लालबागला आहे, तिथे मोजा', तर?

कातळावरचा
चाळीतल्या भाड्याच्या खोलीची आणि सात-बारावर नाव असलेल्या घराची बरोबरी करताय. चालू द्या.

माजघर
जाता जाता एक. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा भाषणात ‘कोकणात लेकीचा मान' म्हणून ऐकलाय मी, टाळ्यांसकट. 0 ते 6 वयाच्या मुलामुलींचं प्रमाण बघा, ते हजाराच्या खालीच आहे. म्हणजे बायका वाढल्या नाहीत, पुरुष मुंबईला मोजले गेले. धागाकर्त्यांचं ऐकून चाकरमानी गावात धरले तर हा मानही जाईल बरं का.

खडूफळा
मी 2011 ला प्रगणक होते. शाळा सुटली की वही, नकाशा आणि फॉर्मांची पिशवी घेऊन वाड्या फिरायच्या. शिरगणती म्हणजे दिसेल तो माणूस टिपायचा, असा इथे अनेकांचा समज दिसतोय. तसं नसतं. नेहमी इथेच राहतो आणि मोजणीच्या काळात थोडे दिवस तरी इथे होता किंवा 28 पर्यंत परतणार आहे, तर तो इथला. अख्खा काळ दुसरीकडे असेल तर जिथे असेल तिथला. बेघर माणसं 28 च्या रात्री, स्टँडवर, देवळाच्या ओट्यावर जाऊन मोजायची. पुढे 1 ते 5 मार्च पुन्हा फेरी: मधल्या काळात कुणी जन्मलं का, गेलं का.

कागदावर हे छान वाटतं. एका घरी आजी एकट्या. मी विचारलं, घरात कोण कोण राहतं? त्यांनी तीन मुलगे, तीन सुना, पाच नातवंडं एका दमात सांगितली. मी म्हटलं, आजी, ते राहतात कुठे? ‘ऱ्हायला मुंबईस. घर हयच हा.' दोन्ही उत्तरं खरीच होती. नियमाप्रमाणे मी ‘एक' लिहिलं. आजी म्हणाल्या, ‘नाव काढलंस तर उद्या घर पण जायत.' रेशनकार्डाचीच भानगड आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि पटलं नाहीच.

बालाघाटी
कोकणाचं रडगाणं ऐकून झालं असेल तर आमच्या बीडकडे या. दिवाळीनंतर गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात, परततात मार्च-एप्रिलात. म्हणजे फेब्रुवारीत गावात म्हातारी-कोतारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. नियमाप्रमाणे जोडपं मोजलं जाणार उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. प्रगणक तिथवर पोचला तर. कारखाना बेळगावकडचा असला तर नुसता तालुका नाही, राज्यच बदललं!

चाकरमान्याला निदान मुंबईत पत्ता आहे. आमचा माणूस सहा महिने गावात, सहा महिने फडात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता'. उचलही, म्हणजे आगाऊ पैसेही, कोयत्यावर. तिथे दोन माणसांचं एक होतं आणि शिरगणतीत कधी दोनाचं शून्य. त्यामुळे ‘जिथे राहतो तिथे मोजा' हे दोन_अधिक_दोन यांचं सूत्र ऐकायला सोपं आहे. राहतो म्हणजे किती दिवस, ते सांगा.

दोन_अधिक_दोन
रास्त प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीत गेल्या बारा महिन्यांतला बहुतेक काळ, म्हणजे किमान सहा महिने आणि एक दिवस, असं माप दिलंय. ऊसतोड नेमकी त्या काठावर बसते, मान्य. आपल्याकडे 1931 पर्यंत एका रात्रीत देश मोजायचे. 1941 पासून ते सोडलं. जोपर्यंत एका रात्रीची मोजणी होती तोपर्यंत प्रश्न सोपा होता: त्या रात्री कुठे होतास? आता कालावधी आला, म्हणून ‘नेहमी' हा शब्द आला, आणि भांडण त्या शब्दात आहे.

सुटण्याचं म्हणाल तर 2011 नंतरच्या पडताळणीत हजारी 23 माणसं निव्वळ सुटल्याचं सरकारनेच सांगितलंय. कुलूप हे त्याचं एक कारण असणारच. पण म्हणून महिना बदलू नका. शिमग्याला मोजलं तर मुंबई खोटी पडेल.

लीड्सवाला
इथे इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत वेगळा प्रश्न असतो: वर्षात 30 पेक्षा जास्त दिवस दुसऱ्या पत्त्यावर राहता का? राहत असाल तर तो पत्ता लिहा. माणूस मोजतात एकदाच, एकाच घरी. पण दुसरा पत्ता नोंदला जातो.

माजघर
लीड्सवाल्यांना +1. आपल्या फॉर्मात जन्मठिकाण, आधीचं ठिकाण, यायचं कारण, सगळं आहे. ‘परत कुठे जाता' एवढंच नाही. आणि व्याख्यांचा विषय निघालाच आहे तर हेही: गावाला गणनेत ‘शहर' म्हणायचं तर 5000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी! बायका काय करतात यावरून गावाचं शहर होत नाही.

कातळावरचा
ठीक. महिना बदला हे मागे घेतो. बालाघाटींचं वाचल्यावर आमचं दुःख जरा भरल्या पोटाचंच वाटलं. पण दुसऱ्या पत्त्याचा रकाना हवाच, तो सोडत नाही. माझ्या वाडीच्या नळयोजनेची टाकी गणपतीतल्या माणसांना पुरायला हवी, फेब्रुवारीतल्या नव्हे.

खडूफळा, त्या आजींचं पुढे काय झालं? लिहिलीत नावं?

खडूफळा
फॉर्मवर नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली, त्यांच्यासमोर बसून, अकराच्या अकरा. धाकट्या नातवाचं त्यांनी दोनदा सांगितलं, मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून.