मदत हवी आहे: भाड्याच्या घरावर बँकेची ताबा नोटीस

नमस्कार. पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर राहतो, करार नोंदणीकृत आहे. मालकांचे हप्ते थकले आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) ताबा नोटीस दारावर चिकटवली. त्यात दिलेली कलम १३(२) च्या नोटिशीची, म्हणजे मालकांना थकबाकी भरायला सांगणाऱ्या आधीच्या नोटिशीची, तारीख आमच्या कराराआधीची निघाली! त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही, आणि मालकांनी हे आमच्यापासून लपवलं. फार राग येतोय.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूलाही डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं, पण आमच्यासारख्यांचं तिथे ऐकतात का? भाडं मालक मागतात, बँकेचा माणूस म्हणतो त्यांना देऊ नका. लेखी कुणीच देत नाही. डिपॉझिट कुणाकडून वसूल करायचं? मुलीची दहावी आहे, परीक्षेपर्यंत राहू देण्यासाठी बँकेकडे अर्ज कसा करावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.