सरकारने पैसा ओतला की बाजार हलतो का?

दादा (न्यू जर्सी): लाडक्या बहिणींना महिना १५०० देऊन अर्थव्यवस्था वाढत नाही. इथे कोविडमध्ये तीनदा चेक आले. १२००, ६०० आणि १४०० डॉलर. जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के झाली. आलेलं सगळं किराण्यात गेलं.

मी: दादा, तेव्हा मालच अडकला होता, त्यात युक्रेनचं युद्ध. सगळा दोष चेकवर नको. तिसरा चेक जरा जास्त झाला, एवढं मात्र पटतं.

आत्या (म्हसवड): माझ्या दुकानाचं सांगते. २०२० ला वीस लाख कोटींचं पॅकेज आलं, आमच्या वाट्याला त्यातलं बिनतारणी कर्ज. गाळ्याचं भाडं भागलं, पण गिऱ्हाईकच नाही तर माल भरून करू काय? २०२४ ला राखीच्या तोंडावर बायकांच्या खात्यात लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे ३००० एकदम आले. त्या आठवड्यात पोरांचे कपडे हातोहात गेले, जुनी उधारीसुद्धा वसूल झाली.

ताई (पुणे): आत्या, तुझं खरं आहे गं. पण वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता त्या योजनेचा. पाण्याच्या कामांचे पैसे तिकडे वळले तर त्याच बायका टँकरपुढे उभ्या राहतील.

मोठे काका: बहात्तरच्या दुष्काळात आपला सगळा गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर होता. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रेशनला लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ. पण हातात मजुरी पडायची, म्हणून व्यापारी बाहेरून ज्वारी आणायचे. लोकांकडे पैसाच नसता तर आमच्या बाजाराकडे कोण फिरकलं असतं?

मी: काका, मला हेच म्हणायचंय. माणसं रिकामी बसलेली असताना खर्च केला तर तो पैसा गावात चार हात फिरतो. सगळे कामात असताना ओतला तर नुसते भाव चढतात. आणि ताई, तुझ्या पगारातून महिना २०० कापतात ना, तो व्यवसाय कर १९७५ ला रोजगार हमीसाठीच आला. शहरातल्या पगारदारांच्या पैशातून खेड्यात तलाव, रस्ते झाले. मला याचा फार अभिमान वाटतो.

ताई (पुणे): हे माहीतच नव्हतं. स्लिपवर नुसतं ‘पीटी’ असतं.

दादा (न्यू जर्सी): काका, तो तलाव आहे का अजून?

मोठे काका: आहे. दोनदा गाळ काढला. खालच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं. यंदा परत काढायला हवा.