मुलगी पाहायला जायच्या आधी अडखळण्याबद्दल सांगून टाकावं का?

सक्करदरा_२९: औषधांच्या एजन्सीत हिशेब बघतो. लहानपणापासून बोलताना अडखळतो. त आणि ध आले की घशाला कुलूपच. ऑटोवाल्याला 'धरमपेठ' सांगता येत नाही म्हणून 'शंकरनगर' सांगतो अन् तिथून पायी जातो. ठेल्यावर तर्री पोह्यांकडे नुसतं बोट दाखवतो.

रविवारी वर्ध्याला मुलगी पाहायला जायचं आहे. आई म्हणते, "तू जास्त बोलूच नको, बाबा बोलतील. मुलगा शांत आहे असं वाटेल." पण माझं नावच त पासून आहे. ते तर विचारतीलच ना!

आणि 'मोठा श्वास घे, हळू बोल' असं कृपा करून कोणी लिहू नका. वेखंड चाटून झालं, तोंडात खडे ठेवूनही झालं.

बर्डीवाले_काका: राजा, लपवून काहून राहिला बे? मी ५४ चा, अजून अडखळतो. पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी नाव विचारलं. माझं नाव बाहेर येईपर्यंत चहावर साय धरली होती. लग्न झालं, तरी दोन वर्षं घरात शब्द बदलत राहिलो. 'पाणी' अडकलं की 'जल दे' म्हणायचो. बायकोला वाटे, माणूस फार धार्मिक आहे.

पुढे द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या लोकांशी ओळख झाली. २००८ पासूनची संस्था, सगळे आपल्यासारखेच. भीती मोडायला दुकानात जाऊन मुद्दाम अडखळायचं, हे तिथंच शिकलो. पहिल्या दिवशी घाम फुटला होता. आधीच मेसेज टाकून दे.

वाचा_उपचार: मी स्पीच थेरपिस्ट आहे. आईंना सांगा, हे भित्रेपणामुळे होत नाही आणि त्यांचंही काही चुकलेलं नाही. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला असतं, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. गाताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, म्हणजे 'जीभ जड' वगैरे काही नसतं. घराण्यात चालतं हे खरं, पण मुलांना होईलच असं नाही. हा प्रश्न तिकडून येईलच, तयारीत राहा.

इतवारीची_सून: दादा, माझे अहो अडखळतात. सुरुवातीला मी त्यांची वाक्यं पूर्ण करून द्यायची. एकदा सराफाकडे ते "बां... बां..." म्हणाले, मी लगेच "बांगड्या दाखवा!" त्यांना 'बांधून द्या' म्हणायचं होतं. बांगड्या घेतल्याच, पण तेव्हापासून मी तोंड मिटून थांबते. तिला एवढंच सांगा, मधे शब्द पुरवू नको.

सक्करदरा_२९: बायोडेटावर तिच्या वडिलांचाच नंबर होता. काल रात्री त्यांनाच लिहिलं. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर पाऊण तासानं. 'माझा धाकटा भाऊही असाच बोलतो. तोही घरी असेल. ११ ला या.'

आईला अजून सांगितलं नाही.