पिकअपचा सायलेन्सर गेलाय, कोणता बसवू? (एफ-१५०, ५.० व्ही८)

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी फोर्ड एफ-१५०, २०१६ ची, सुपरक्रू (चार दारांची केबिन), ५.० लिटर व्ही८ इंजिन, बेड (मागचा उघडा हौदा) साडेसहा फुटी. १ लाख १८ हजार मैल झालेत. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या पश्चिमेला.

दोन आठवड्यांपूर्वी गाडी सुरू केली तर अंगणात ट्रॅक्टर आल्यासारखा आवाज. खाली सरपटत जाऊन टॉर्च मारला. मफलरच्या मागच्या शिवणीला बोट जाईल एवढं भोक. बोट घातलंच, तर गंजाचे पापुद्रे थेट बाहीत. इतकी वर्षं हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खाल्लंय बिचारीने, तिचा दोष नाही. या पिढीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे वरून अजून लग्नाला उभी राहील अशी आणि खाली ही अवस्था.

(इथे सायलेन्सरला मफलर म्हणतात. आईला फोनवर म्हटलं, 'मफलर फाटलाय.' ती म्हणाली, 'ह्यांचा पडलाय कपाटात, येताना आणते.')

गॅरेजवाल्याने कंपनीचा भाग मजुरीसकट अकराशे डॉलर सांगितला. तेवढ्यात बाहेरची अख्खी कॅट-बॅक सिस्टिम येते, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात 'कॅट') मागचं सगळं: मधला पाइप, मफलर, शेपटी. मग डोक्यात किडा वळवळलाच. खरं सांगतो, मला आवाज हवाय. हौसेने व्ही८ घेतली आणि ती शिलाई मशीनसारखी चालते, हे दुःख जुनं आहे.

पण अडचणी ऐका. रोज ४५ मैल जाणं, ४५ येणं, सगळा हायवे. सत्तरच्या वेगाला काटा १८०० आरपीएमच्या आसपास असतो, आणि नेमका तिथेच केबिनमध्ये 'ड्रोन', म्हणजे कानात घुमणारी घरघर, सुरू होते असं जो तो सांगतोय. सकाळी पावणेसहाला निघतो, शेजारी सज्जन आहेत, ते तसेच राहावेत. मे महिन्यात आई येतेय पाच महिन्यांसाठी, तिला कानाचं मशीन आहे. उन्हाळ्यात बोटीचा ट्रेलर ओढतो. आणि गणपतीत पथकाचे चौदा ढोल याच बेडमधून जातात, साडेसहा फुटी बेड घेतला तोच मुळी त्यासाठी.

वाचून वाचून डोकं फिरलंय. बोर्लाच्या टूरिंग, एस-टाइप आणि अ‍ॅटॅक अशा आवाजाच्या तीन चढत्या पायऱ्या. मॅग्नाफ्लो, फ्लोमास्टर, एमबीआरपी वेगळेच. कोर्सावाले म्हणतात आमच्यात ड्रोन नाहीच, पण किंमत बघून मीच घुमलो. एकच माल कुणी अ‍ॅल्युमिनाइज्डमध्ये (वर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेलं स्टील) देतो, कुणी ४०९ मध्ये, कुणी ३०४ मध्ये (हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार). कॅट काढायचा नाही, ते बेकायदा आहे आणि मला करायचंही नाही. ताकद वाढेल या भ्रमातही नाही. बाहेर भारदस्त आणि आत शांत असं काही असतं का, एवढंच सांगा.

– मीठभाकर

ह्यूस्टनचा पाहुणा: दादा, मी हाच खड्डा पाहून आलोय. माझीही ५.० च. सरळसोट आरपार मफलर बसवला, मधला रेझोनेटर (घरघर मारणारा छोटा डबा) काढून टाकला. पहिले तीन दिवस सिंह, चौथ्या दिवशी डोकेदुखी. सॅन अँटोनियोला जाऊन आलो तेव्हा बायको परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर जाऊन बसली. महिन्याभरात रेझोनेटर परत वेल्ड करून घेतला, पैसे दोनदा गेले. यूट्यूबचे व्हिडिओ ऐकून अजिबात ठरवू नकोस. ती खालच्या पट्टीतली घरघर फोनच्या माइकला नीट पकडताच येत नाही, आणि बहुतेक लोक पार्किंगमध्ये उभं राहून रेस देतात. कुणाच्या तरी गाडीत बसून हायवेला जाऊन ये.

अर्धवट इंजिनिअर: ड्रोनचं गणित सोपं आहे. चार स्ट्रोकच्या व्ही८ मध्ये क्रँकच्या एका फेरीत चार स्फोट. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणजे १२० स्फोट. हा १२० हर्ट्झचा सूर केबिनच्या पोकळीशी जुळला की कानाला दडे बसतात. त्यावर तोडगा म्हणून मुख्य पाइपला एका टोकाला बंद असलेली फांदी जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव पट ठेवायची, की परत आलेली लहर मूळ लहरीला मारते. गरम वायूत आवाज सेकंदाला साधारण ४५० मीटर धावतो असं धरलं, तर तुमच्या आकड्याला फांदी ९४ सेंटीमीटरची, म्हणजे तीन फुटांना थोडी जास्त. तुमच्या बेडखाली तेवढी जागा निघेल, पण आधी रेझोनेटरवाला किट बसवून बघा, बहुधा गरज पडणार नाही.

धातूबद्दल: मिशिगनमध्ये अ‍ॅल्युमिनाइज्डच्या वाटेला जाऊ नका. वरचा थर वेल्डच्या जागी जळतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळजवळ नाही. वरून तांबूस होतं, पण आरपार सडायला वेळ लागतो. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्के, मिठाला तेच पुरतं. गाडी अजून पाचेक वर्षं ठेवणार असाल तर ३०४ घ्या, नाहीतर ४०९ भरपूर झालं.

आणि तोवर त्या भोकासकट काचा बंद करून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोथरूडकर: आमच्याकडे बुलेटला असले सायलेन्सर लावले की पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात. तुमच्याकडे अकराशे डॉलर देऊन बसवतात. चालू द्या. पण ढोल नेणाऱ्या गाडीने आवाजाची काळजी करावी हे काही पटलं नाही.

ह्यूस्टनचा पाहुणा: एक राहिलं. मागवताना व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) बघ. साडेपाच फुटी बेडची सुपरक्रू १४५ इंच, तुझी १५७. बऱ्याच किटमध्ये जोडपाइप येतो, पण सगळ्यांत नाही. बारा इंच कमी पडले तर शेपटी टायरवर फुंकर घालेल. आणि बेडखालून दोन बाजूंना दोन शेपट्या काढायच्या भानगडीत पडू नकोस, स्पेअर टायर काढताना शिव्या देशील.

मीठभाकर: सगळ्यांचे आभार. इंजिनिअरसाहेब, भोकावर तात्पुरती पट्टी मारलीये आणि काचा खाली ठेवून कुडकुडत जातोय. काल ऑफिसातल्या एकाच्या गाडीतून फिरून आलो, त्याची २०१७ ची ५.०, बोर्ला एस-टाइप. सुरू केली तेव्हा पोटात गोड धक्का बसला, पण सत्तरला त्याच्याशी बोलताना मी दोनदा 'काय?' म्हटलं. माझ्या कानाला मशीन नाही. म्हणजे आईसाठी टूरिंगच. बोर्लाचा पाइप ३०४ चा असतो, त्यामुळे धातूचा प्रश्नही मिटला. १५७ इंचाचा किट मागवलाय, शनिवारी येतोय. बायकोला सांगितलंय की कंपनीचाच आहे, इथे कुणी ओळखीचं असेल तर बोलू नका.

आता नवी अडचण. कॅटच्या मागच्या क्लॅम्पचा नट गंजून बोल्टाशी एकजीव झालाय. तीन रात्री गंज सोडवणारं तेल मारतोय, ढिम्म हलत नाही. ग्राइंडरने कापू की गॅसच्या टॉर्चने तापवू? गाडी स्टँडवर आहे, वरून जवळूनच इंधनाची नळी जाते, म्हणून टॉर्चला हात धजत नाही.

अर्धवट इंजिनिअर: टॉर्च अजिबात नको. क्लॅम्पच कापा, तो तसाही नवीन येतो. ठिणग्या नळीकडे उडणार नाहीत अशी ओली गोणी आडवी लावा, शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवा. पाइप टांगणारे रबरी हँगर निघत नसतील तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावून पिळा. आणि चष्मा घाला हो, पापुद्रे या वेळी बाहीत नाही, डोळ्यांत पडतील.